पहारेकऱ्यास रजा

गेल्या पंधरवड्यांत आमच्या धाकट्या बंधूंचा नातू आमच्यापुढें येऊन उभा राहिला. "आबा, घरच्या संगणकाचा अँटीव्हायरस पांच मिनिटें बंद करूं का? एक प्रोग्रॅम घालायचा आहे, आणि तो घालूं देत नाहीं." घरांत माणसें चौदा आणि संगणक एक, त्याचा 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' होण्याचा मान आम्हांकडे वयामुळें आला आहे, ज्ञानामुळें नव्हे.

"बंद कर, असें तुला कोणीं सांगितलें?"

"त्या प्रोग्रॅमबरोबरच्या चिठ्ठींतच तसें लिहिलें आहे."

हें ऐकतांच आम्हांस आमच्या मेहुण्यांचें घर आठवलें. तेथेंही विकतचें सॉफ्टवेअर कोठून तरी फुकट मिळालें होतें, व चिठ्ठीही अशीच होती. पाहुणा उंबरठ्यावरूनच म्हणतो कीं आधीं दारवानास घरीं पाठवा, आणि आपण त्यास पाठवितों! दुसऱ्या दिवशीं एकही फाइल उघडेना. पडद्यावर खंडणीची मागणी. त्या फाइलींत मेहुण्यांच्या दिवंगत मातोश्रींनीं जात्यावरच्या ओव्या म्हटलेल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. तो आवाज गेला तो गेलाच.

विंडोजमध्यें मायक्रोसॉफ्टचा 'डिफेंडर' हा पहारेकरी अंगचाच असतो. पूर्ण अँटीव्हायरस म्हणून तो २०१२ सालीं विंडोज ८ बरोबर आला. त्यास रजा देतां येते, हें खरें. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्यें जावें, 'मॅनेज सेटिंग्ज' वर टिचकी मारावी आणि 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' ची कळ फिरवावी. थोड्या वेळानें तो आपण होऊन पुन्हां रुजू होतो. परंतु मधल्या काळांत जी फाइल आंत येऊन चालली, तिला त्या क्षणीं कोणीच हटकलेलें नसतें. पुढील तपासणींत ती सांपडली, तरी तिनें करून ठेवलेलें मागें फिरत नाहीं.

तेव्हां रजेपेक्षां अपवाद बरा. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम, आणि अपवाद म्हणजे विवक्षित स्थळापुरती त्यास सूट, हें व्याकरण शिकलेल्यांस सांगावयास नको. येथें त्या सदरास 'एक्सक्लूजन्स' म्हणतात. ज्या एका फाइलीची खात्री आहे तेवढीच त्यांत घालावी. सबंध 'डाउनलोड्स' फोल्डरलाच सूट देणारे शहाणेही आम्हीं पाहिले आहेत! मात्र रजा आपोआप संपते, अपवाद संपत नाहीं. तो काम होतांच आपल्या हातानें काढावा लागतो.

पहारेकरी कधीं निरपराध फाइलीवरही आळ घेतो, विशेषतः थोड्या लोकांच्या वापरांतील प्रोग्रॅमांवर. अशी शंका आल्यास ती फाइल मायक्रोसॉफ्टकडे तपासावयास पाठवितां येते, अथवा 'व्हायरसटोटल' येथें अनेक अँटीव्हायरसांकडून एकदम पारखून घेतां येते. (घरचे खाजगी कागद मात्र तेथें चढवूं नयेत, तेथें दिलेली वस्तु इतरांच्याही हातीं जाते.)

इतकें ऐकून चिरंजीव म्हणाले, "मग आबा, विकतच घेऊं या का?" कर्त्याच्याच संकेतस्थळावर विद्यार्थ्यांसाठीं सवलतीची प्रत निघाली. ती घालतांना पहारेकरी जागेवरच होता आणि त्यानें चकार शब्द काढला नाहीं. पैसे आमच्या निवृत्तिवेतनांतून गेले.