पाटी कोरी होण्याचा दिवस

मार्च महिना सरत आला की अमेरिकेतील बेसबॉलच्या चाहत्यांना नव्या हंगामाचे वेध लागतात. हंगामाच्या पहिल्या दिवसाला तेथे ‘ओपनिंग डे’ म्हणतात. खेळ सुरू होण्यापूर्वी मेजर लीगमधील तीसही संघांच्या नावापुढे विजय शून्य आणि पराभवही शून्य असतो. गेल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाचा वृद्ध चाहताही त्या दिवशी जुनी टोपी झटकून डोक्यावर चढवतो आणि मनाशी म्हणतो, ‘कोण जाणे, हे वर्ष आपले असेल!’

व्यवहारी माणूस याला भाबडेपणा म्हणेल. शिकागो कब्ज या संघाने १९०८ साली अजिंक्यपद मिळवले. पुढचे अजिंक्यपद त्याच्या वाट्याला आले ते थेट २०१६ साली. मधल्या १०८ वर्षांत चाहत्यांच्या कित्येक पिढ्या वाट पाहून निघून गेल्या. अखेर विजय मिळाला तेव्हा लोकांनी रिग्ली फील्ड या मैदानाच्या बाहेरील विटांच्या भिंती खडूने लिहिलेल्या नावांनी भरून टाकल्या. त्यांत आपल्या दिवंगत आईवडिलांची आणि आजीआजोबांची नावे पुष्कळ होती. त्या माणसांना अजिंक्यपद पाहायला मिळाले नाही, हे खरे. पण दर वसंतात त्यांच्यापाशी वाट पाहण्याजोगे काहीतरी होते, घरातल्यांशी बोलायला विषय होता. तो आनंद त्यांनी आयुष्यभर उपभोगला.

आजारी किंवा वयोवृद्ध माणसाची सेवा करणाऱ्यांनी या खेळाचा हिशेब समजून घ्यावा. एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. २००१ साली सिएटल मरिनर्सने ११६ सामने जिंकून सर्वाधिक विजयांच्या विक्रमाची बरोबरी केली, तरी तो संघ ४६ वेळा हरलाच. त्यामुळे एका संध्याकाळच्या पराभवाने जाणता चाहता खचत नाही; दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सामना पाहायला बसतो. पक्षाघातातून सावरणारे वडील काल दहा पावले चालले आणि आज सहाच, म्हणून आपण मात्र लगेच हताश होतो. ‘पूर्वीसारखे कधी होतील?’ या एकाच प्रश्नाकडे डोळे लावून बसलो, तर मधला प्रत्येक दिवस अपयशाचा वाटू लागतो. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये. महिन्याभराचा कल पाहावा. उतार सतत दिसत असेल तर अर्थातच डॉक्टरांना सांगावे.

आता घरातील दिनदर्शिकेकडे एकवार पाहा. रक्ततपासणी, डोळ्यांची तपासणी, औषधे आणण्याचा दिवस. बहुतेक खुणा आजाराच्या असतात. ज्येष्ठांनी स्वतःहून वाट पाहावी अशी एक तरी तारीख तीत आहे का? कोणासाठी ती क्रिकेटच्या मालिकेची असेल, कोणासाठी गाण्याच्या मैफलीची, तर कोणासाठी नातवाच्या येण्याची. मुलांकडे अमेरिकेत राहणाऱ्या आजीआजोबांना नातवंडांकडून बेसबॉलचे नियम शिकता येतील. दृष्टी अधू झालेल्यांना रेडिओवरील समालोचनाची सोबत मिळू शकते. विषय कोणताही चालेल. त्याची गोडी मात्र ज्येष्ठांची स्वतःची हवी, आपण लादलेली नको.

या उत्साहाला पथ्याची जोड मात्र हवी. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी म्युनिक परिसरात झालेल्या अभ्यासात, जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना इतर दिवसांच्या अडीच पटींहून अधिक आढळल्या. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक होता. म्हणून सामना कितीही रंगला तरी औषधांची वेळ चुकवू नये, खारट पदार्थांवर ताबा ठेवावा, झोप मोडू नये. छातीत दडपण आले, श्वास लागला किंवा दरदरून घाम फुटला, तर निकालाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. बेसबॉलच्या प्रेक्षकांची एक प्रथा मात्र अवश्य उचलावी. सातव्या डावाच्या मध्यावर सारे प्रेक्षक उठून उभे राहतात आणि हातपाय मोकळे करतात. दूरचित्रवाणीपुढे बसणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी तर सातव्या डावापर्यंतही थांबू नये. अर्ध्या-पाऊण तासाने, गरज असल्यास कोणाचा तरी हात धरून, उठावे आणि घरातच चार पावले टाकावीत.

येत्या पंधरवड्यात एवढे करा: घरातील ज्येष्ठांना विचारा, ‘तुम्हाला कशाची वाट पाहावीशी वाटते?’ उत्तर मिळायला दोन दिवस लागले तरी चालेल. मिळाले की ती तारीख त्यांच्याच हाताने दिनदर्शिकेवर लिहवून घ्या.