कूळ विचारणारी मुलाखत

गेल्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आजोबा गिरणी कामगार; १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली ती कायमचीच. वडिलांनी रखवालदारी करून मुलाला अर्थशास्त्राचा पदवीधर केले. पाच वर्षांच्या नोकरीनंतर आता परदेशातील एका व्यवस्थापन संस्थेने त्याला मुलाखतीस बोलाविले आहे. मुलाखत तेथील प्राध्यापक घेणार नाहीत. मुंबईत मोठ्या हुद्द्यावर असलेला त्या संस्थेचा एक माजी विद्यार्थी घेणार आहे.

ही पद्धत अपवादात्मक नव्हे. फ्रान्समध्ये १९५७ साली स्थापन झालेली ‘इन्सेआड’ ही संस्थाही उमेदवाराची गाठ दोन माजी विद्यार्थ्यांशी घालून देते व त्यांचे अभिप्राय मागविते. हे काम ते विनामोबदला करतात, असे कौतुकाने सांगितले जाते. परंतु अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला फुकट मिळणाऱ्या सेवेविषयी संशय येतोच. ज्या पदवीच्या बळावर हे गृहस्थ खुर्चीवर बसले आहेत, तिचा भाव टिकविणे हा त्यांचा रोकडा हितसंबंध आहे. दारावरचा पहारेकरी आणि घराचा भागधारक एकच! गणिताची व भाषेची परीक्षा उमेदवाराने आधीच दिलेली असते. मग तपासावयाचे उरले काय? इंग्रजीचा हेल, बसण्या-उठण्याची रीत, आणि ‘हा आपल्यातला वाटतो का’ हा न विचारलेला प्रश्न.

ही युक्ती जुनी आहे. हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी वाढू लागले तेव्हा, १९२२ साली, विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांनी त्यांच्या संख्येवर उघड मर्यादा सुचविली. ती फेटाळली गेली. पण पुढे ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ या मोजमाप नसलेल्या कसोट्या आल्या आणि पुढच्या दाराने न साधलेले मागच्या दाराने साधले. जेरोम कॅराबेल यांच्या २००५ सालच्या ग्रंथात हा इतिहास विस्ताराने आला आहे.

आता या मुलाखतीची तयारी करून देणारी दुकानेही निघाली आहेत. नेतृत्वाचा प्रसंग, अपयशाची कथा, ‘एमबीए आताच कशासाठी’ — सारी उत्तरे घड्याळ लावून घोटून घेतली जातात. अशाच एका दुकानदाराने माझ्या विद्यार्थ्याला सल्ला दिला: आजोबांची हकिकत अवश्य सांग, ‘जिद्दीची कथा’ म्हणून ती खपते, फक्त ‘संप’ हा शब्द वगळ. म्हणजे घरातली उपासमार विकावयाची, आणि ती कोणी आणली हे मात्र सांगावयाचे नाही!

काही साथी म्हणतील, कामगाराच्या नातवाने तिकडे जावेच कशाला? हा सोवळेपणा मला मान्य नाही. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत, त्यांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मुलाखतीचे निकष लेखी असावेत आणि नाकारलेल्या उमेदवाराला आपल्यावरील अभिप्राय वाचावयास मिळावा, ही मागणी निदान येथील संस्थांपुढे तरी आपल्या विद्यार्थी कार्यकर्त्यांनी रेटली पाहिजे.

‘‘सर, तो शब्द ठेवू की काढू?’’ निघताना त्याने विचारले. ठेव, म्हणालो. संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, हेही पाठ करून जा. समोरच्याने उलट विचारले तर आकडे चुकता कामा नयेत. मुलाखत येत्या गुरुवारी आहे.