आधी पाट, मग मळा

हाड म्हणजे शरीराचा निर्जीव वासा, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. हाडातून रक्त खेळते, म्हणूनच मोडलेले हाड सांधते.

मात्र अपघाताने हाडाचा मोठा तुकडाच नाहीसा झाला, तर ते आपोआप भरून येत नाही. अशा वेळी शल्यविशारद कित्येकदा रुग्णाच्याच पायातील हाड रक्तवाहिन्यांसह काढून तेथे बसवितात. एक अवयव वाचविण्यासाठी धडधाकट दुसरा कापावा लागतो!

हे टाळण्यासाठी शास्त्रज्ञ कृत्रिम सांगाडा रचून त्यात पेशी पेरतात. परंतु केशवाहिनीपासून सुमारे ०.२ मिलिमीटरच्या पलीकडे प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. आतील पेशी गुदमरून मरतात. २०१२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. साखरेच्या तंतूंची जाळी करून तिच्याभोवती पेशीयुक्त मऊ द्रव्य ओतले. पुढे साखर विरघळली आणि रक्तासाठी पोकळ मार्ग तेवढे मागे राहिले.

माझ्या मते अस्थिरचनेच्या संशोधनात पहिला मान या मार्गांना मिळावा. कोणी म्हणेल, शरीर स्वतःच्या वाहिन्या स्वतः वाढवील. लहान भेगेत तसे घडते. पण मोठ्या पोकळीत त्या पोहोचेपर्यंत पेशींनी जगावे कसे? केवळ हुबेहूब आकार साधून समाधान मानणे म्हणजे पाट न काढताच मळा लावणे होय.

विद्यार्थी मित्रहो, हे कार्य अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. ते तडीस नेणारे हात आपल्या वर्गातून का निघू नयेत?