रिस्टोर केलेली टर्बो हॅचबॅक विकायला आहे: रंग नंतर बघा, आधी ईसीयू आणि आरसी बघा

फोक्सवॅगनने मे २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय भारतात आणली. किंमत तेव्हा जवळपास ५३ लाख रुपये, आणि पहिल्या खेपेत फक्त १५० गाड्या. हॉट हॅचबॅक, म्हणजे घरगुती वापराच्या छोट्या गाडीत दमदार इंजिन बसवून बनवलेली वेगवान गाडी. ती कोरी हवी असेल तर शोरूममधला भाव हा असा होता. ह्युंदाईची आय-२० एन लाइन खूप स्वस्तात मिळते, पण तिची ताकद १२० पीएस, गोल्फची २६५. मधली जागा बरीचशी रिकामी आहे.

ती जागा सध्या जुन्या गाड्या भरून काढतायत. सेकंडहँड गाड्यांचं कुठलंही ॲप उघडा. 'फुल्ली रिस्टोर्ड', 'स्टेज वन', 'नो वर्क, नो डेंट', 'शौकीन असाल तरच फोन करा'. सोबत चकाचक रंगाचे वीस फोटो. आपल्या औशातला एखादा पोरगा पुण्यातल्या अशा गाडीवर नजर ठेवून असतो. गाडी तीनशे किलोमीटर लांब, बघायला जायचं म्हणजे एक दिवस मोडणार, आणि विकणारा म्हणतो, "आज टोकन टाका, नाहीतर उद्या जाईल." साठवलेले पैसे आणि वर थोडं कर्ज, असा हा व्यवहार असतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

या 'क्लासिक' गाड्या महाराष्ट्रातच बनल्या

जगात हॉट हॅचची लाट आली ती १९७६ ला विक्रीला आलेल्या पहिल्या गोल्फ जीटीआयने. पुढे १९८० च्या दशकात रेनो ५ टर्बो, लान्सिया डेल्टा यांनी तिला टर्बोची जोड दिली. पण तीन वर्षांपेक्षा जुनी सेकंडहँड गाडी भारतात आयात करता येत नाही. सवलत आहे ती ५० वर्षांपुढच्या व्हिंटेज गाड्यांना. त्यामुळे १९८५ ची रेनो आणून इथं चालवणं विसरा. आपल्याकडचे क्लासिक आपल्याच कारखान्यांतले.

चाकणच्या कारखान्यातून २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली: १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावहून ऑक्टोबर २०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंटो आली: १.४ लिटर टी-जेट इंजिन, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि किंमत ९.९५ लाख, एक्स-शोरूम दिल्ली. २०१६ ची पोलो जीटीआय बाहेरून आली होती: तीन दारं, १९२ पीएस, किंमत २५.९९ लाख. आज यातली एकही नवी मिळत नाही. फियाट बीएस-६ च्या आधीच बाजारातून गेली, पोलो २०२२ मध्ये थांबली. संख्या मर्यादित आणि चाहते भरपूर, मग भाव टिकणारच.

एक गैरसमज इथंच काढून टाकू. सरकारी नियमात 'व्हिंटेज' म्हणजे ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली, धंद्यासाठी न वापरली जाणारी गाडी. २०१५ ची अबार्थ शौकिनांसाठी क्लासिक असेल, आरटीओसाठी ती साधी जुनी गाडी आहे. कुठलीही सूट नाही.

टर्बो दमतो कुठं?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटं चक्र फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. हा दांडा मिनिटाला लाखभर किंवा त्याहून जास्त फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. वेळेवर ऑइल न बदललेली, थंड असतानाच दामटलेली टर्बो गाडी इथंच मार खाते. निळा धूर, शिट्टीसारखा वाढलेला आवाज, इंटरकूलरच्या पाइपात तेल, ही त्याची लक्षणं.

आपल्याकडच्या उन्हाचाही हिशोब धरा. गरम हवा विरळ असते. मे महिन्यात लातूर-तुळजापूर रस्त्यावर बेचाळीस डिग्रीत गाडी पळवली की इंटरकूलरवर ताण येतो आणि इंजिनात 'नॉकिंग', म्हणजे पेट्रोल वेळेआधी पेटणं, याचा धोका वाढतो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी घेतलेली टेस्ट ड्राइव्ह हे दाखवत नाही.

'रिस्टोर्ड' म्हणजे नक्की काय केलं?

या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही. डेंटिंग-पेंटिंग करून सीट कव्हर बदललेली गाडीही रिस्टोर्ड, आणि इंजिन पूर्ण उतरवून टर्बो, क्लच, सस्पेन्शन, वायरिंग नवं केलेली गाडीही रिस्टोर्ड. दोन्हींच्या खर्चात लाखांचा फरक, पण फोटोत दोन्ही सारख्याच चमकतात.

म्हणून पहिला प्रश्न: बिलं आहेत का? टर्बो बदलला तर पार्ट नंबरसकट बिल हवं. अबार्थच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. फियाटचं १.३ डिझेल इंजिन मारुती-टाटाच्या गाड्यांतही होतं, त्यामुळे त्याचे पार्ट आणि ते खोलणारे मिस्त्री अजून सापडतात. टी-जेट पेट्रोल मात्र मोजक्याच गाड्यांत आलं. पोलोचं कोडं वेगळं: तिचा डीएसजी ड्राय क्लचचा आहे. ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके देत असेल तर पुढे मोठा खर्च उभा आहे असं समजा. लातूरला, वीस किलोमीटरवर, तो गिअरबॉक्स खोलणारं कुणी आहे का, हे गाडी घेण्याआधी विचारा.

ईसीयू: गाडीचं खरं वय इथं कळतं

आता आपल्या, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांच्या घरात येऊ. इंजिन चालवतो तो ईसीयू नावाचा कॉम्प्युटर. त्यात मोठमोठे तक्ते असतात: इतका आरपीएम, इतका भार असेल तर ठिणगी कधी पाडायची, पेट्रोल किती सोडायचं, टर्बोचा दाब किती ठेवायचा. याला 'मॅप' म्हणतात. 'स्टेज वन' म्हणजे कुणीतरी हे आकडे बदललेत. कंपनी उष्णता, खराब पेट्रोल, म्हातारं होणारं इंजिन यांसाठी थोडी जागा राखून ठेवते. रिमॅप त्याच राखीव जागेतून ताकद काढतो. चांगल्या ट्यूनरने बेताने केला तर चालतं. कुठून तरी उतरवलेली फाइल टाकली असेल तर इंजिन किती दिवस साथ देईल सांगता येत नाही.

भारतात गाड्यांना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे या सगळ्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ते सॉकेट सापडतं. एक ब्लूटूथ डोंगल आणि फोनवर एक ॲप एवढ्यात बरंच दिसतं:

• एरर कोड: आत्ताचे आणि 'पेंडिंग', दोन्ही बघा.

• कोड पुसल्यापासून किती किलोमीटर: हा सगळ्यात कामाचा आकडा. विकणारा म्हणतो गाडी वर्षभर बिनतक्रार आहे आणि कोड पुसून फक्त १२ किलोमीटर झालेत? मग काल संध्याकाळी काहीतरी लपवलंय.

• रेडिनेस मॉनिटर: कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या 'अपूर्ण' दाखवतात. त्या पूर्ण व्हायला गाडी बरीच चालावी लागते.

• फ्युएल ट्रिम: लाँग टर्म आकडा दहा टक्क्यांच्या वर किंवा खाली अडकलेला असेल तर हवा गळती, इंजेक्टर किंवा चुकीचा मॅप.

• चॅसिस नंबर: ईसीयूमधला, गाडीवर ठोकलेला आणि आरसीवरचा, तिन्ही जुळायला हवेत. ईसीयूमधला वेगळा निघाला तर तो दुसऱ्या गाडीचा आहे.

प्रत्येक गाडी प्रत्येक आकडा देत नाही, स्वस्त डोंगल तर कधीकधी काहीच धड देत नाही. पण विकणारा डोंगल लावूच देत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

मीटर मागे फिरवणं आता लॅपटॉपवर होतं. पडताळा घ्यायचा तर सर्व्हिसची जुनी बिलं, पेडलचं झिजलेलं रबर आणि टायरवरचा चार आकडी कोड बघा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. मीटर २५ हजार किलोमीटर दाखवतंय आणि चारही टायर बदललेले, तर कारण विचारा.

कागद: इथं हौस महागात पडते

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलंय. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालक म्हणजे कोण? आरसीवर नाव असलेला, म्हणजे उद्या तुम्ही. रंग बदलता येतो, पण त्याची नोंद आरसीवर लागते. रिस्टोर करताना पांढरी गाडी लाल केली आणि आरसीवर पांढरीच राहिली, असं सर्रास होतं. रिमॅप किंवा मोठा एक्झॉस्ट विमा कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा बघा. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या, व्हॉट्सॲपवर आलेली 'आरटीओ चलन'ची एपीके फाइल उघडलीत तर गाडीआधी बँक खातं जाईल. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानेही घाई करावी, कारण सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानुसार कागदावर नाव आहे तोवर अपघाताची जबाबदारी त्याचीच धरली जाते. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असल्याने एचएसआरपी नंबर प्लेटही लागेल, फॅन्सी प्लेट चालणार नाही.

डीलर किमतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा मागत असेल तर थांबवा. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर १८ टक्के आहे, पण तो डीलरच्या मार्जिनवर, पूर्ण किमतीवर नाही. खाजगी माणसाने खाजगी माणसाला विकली तर जीएसटी लागत नाही.

आणि घड्याळ चालू आहे. २०१३ च्या पोलोची १५ वर्षं २०२८ मध्ये संपतात. मग फिटनेस तपासणी, ५ हजार रुपये नूतनीकरण फी, वर राज्याचा पर्यावरण कर, आणि हे दर पाच वर्षांनी. २० वर्षांनंतर ही फी ऑगस्ट २०२५ च्या नियमाने १० हजार झालीय.

ई-२० पेट्रोल: उसाच्या पट्ट्यातला प्रश्न

आपल्या तालुक्यात बेलकुंड, किल्लारीला साखर कारखाने आहेत, इथेनॉल म्हणजे काय हे औसेकरांना वेगळं सांगायला नको. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्याविरुद्धची याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली.

टर्बोसाठी यात एक चांगली गोष्ट आहे: ई-२० चा ऑक्टेन ९५ आहे, आधीच्या साध्या पेट्रोलचा ९१. ऑक्टेन जास्त म्हणजे नॉकिंग कमी. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे मायलेज घटतं. पेट्रोलियम मंत्रालयानेच जुन्या गाड्यांत ही घट ३ ते ६ टक्के धरली आहे आणि काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग बदलावे लागतील असंही मान्य केलंय. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी राहणारी हौशी गाडी असेल तर टाकी, पंप, इंजेक्टरला हे बाधतं. तेव्हा विचारा: रिस्टोर करताना इंधनाच्या नळ्या आणि सील बदलले का? आणि रिमॅप कुठल्या पेट्रोलवर केला होता?

मग घ्यायची का?

रोज लातूरला ये-जा करायला एकच गाडी हवी असेल तर नको. घरात दुसरी गाडी आहे, कंपनीचा मूळ मॅप आहे, बिलांची फाइल आहे, आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग एकच आहे, आणि किमतीच्या वर दीड-दोन लाख दुरुस्तीला बाजूला आहेत, तर जरूर घ्या. चाकण-रांजणगावच्या या गाड्या जपून ठेवण्यासारख्याच आहेत.

दोन गाड्यांत निवड करायची वेळ आली तर चमकणारी, कागद नसलेली सोडा. रंग थोडा उडालेली, एकाच मालकाची, सगळी बिलं असलेली उचला. रंग औशातही मारून मिळतो, मागच्या दहा वर्षांची सर्व्हिसची बिलं कुठल्याच गॅरेजमध्ये मिळत नाहीत. आणि गाडी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय, डोंगल लावल्याशिवाय टोकन टाकू नका. "उद्या जाईल" म्हणाला तर जाऊ द्या.