पोरगा घरी आला, पिशवीत काय आणले?



भाताची झोडणी आटोपल्यावर बदलापूरजवळच्या एका गावी गेलो होतो. तिथल्या एका घरचा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. जगाला वळसा घालून नऊ महिन्यांनी तो घरी आला होता. आईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. वडील मला परसात घेऊन गेले. वाफा तयार होता आणि त्यांच्या हातात कागदाची पुडी होती.

"साहेब, पोरानं परदेशातून भोपळ्याचं बी आणलंय. उद्या टोकतो."

"दादा, टोकू नका," मी म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला. "पोरानं एवढ्या लांबून आणलंय, टाकून द्यायला मन होत नाही."

मुलाचा हेतू चांगलाच होता. घरी परतताना बापाला आवडेल असे काही न्यावे, असे कोणालाही वाटते. पण बियाबरोबर न दिसणारी बुरशी, विषाणू, किडीची अंडी आणि तणाचे बीही येते.

कमांडर दिलीप दोंदे यांचे नाव आपण ऐकले असेल. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून ते ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. वाटेत फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन एवढ्या चारच बंदरांत ते थांबले. यातली पहिली दोन बंदरे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडची. बाहेरून आलेल्या बोटीवरची ताजी फळे, भाजी, बियाणे हे देश कसून तपासतात. एका किडीने सारी शेती धोक्यात येते, हे ते जाणतात.

आपल्याला दाखला शोधायला लांब जायला नको. आपल्या उल्हास नदीवर पसरणारी जलपर्णी पाहा. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळे फूल देखणे, म्हणून एकोणिसाव्या शतकात कोणी हौसेने ती बंगालमध्ये आणली. आज ती काढता काढता माणसे थकतात. गाजर गवतही अमेरिकेकडचेच. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळले आणि पुढे बांधाबांधावर गेले.

बाहेरचे सारेच वाईट, असे मात्र नाही. मिरची, बटाटा, भुईमूग, काजू ही पिकेही समुद्रापलीकडूनच आली. पण आता त्यासाठी रीतसर वाट आहे. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशातून बियाणे वा रोप आणायला परवाना आणि त्या देशाचा वनस्पती आरोग्य दाखला लागतो.

तेव्हा घरचे कोणी परदेशाहून यायचे असेल, तर आधीच कळवा:

बी, रोप, कलम, कंद, माती आणू नका. तिकडच्या शेतात वापरलेले बूट धुऊन, माती काढूनच पेटीत घाला. चुकून काही आलेच, तर पेरू नका. उकिरड्यावर, नाल्यात किंवा नदीत फेकू नका. पुडी घट्ट बंद करून तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवा आणि ते सांगतील तसे करा. नवे वाण हवे असेल तर कृषी विद्यापीठाकडे चौकशी करा. भातासाठी कर्जतचे संशोधन केंद्र आपल्या जवळच आहे.

त्या घरी पुढे काय झाले, तेही सांगतो. मुलानेच पुडी बंद करून माझ्यासोबत कार्यालयात आणून दिली. परत आलो तेव्हा त्याच्या आईने घरच्या वालाचे बिरडे केले होते. मुलगा म्हणाला, "साहेब, बोटीवर नऊ महिने याचीच आठवण येत होती."

मग त्या तयार वाफ्यात वडिलांनी आईने राखेत जपलेले दुधीचे बी टोकले. दोन-दोन दाणे मुलानेच टाकले.

तूर्त एवढेच.