दिवाळी कुणाची लवकर सरते?

"सुट्टी कधी आली नि कधी गेली, कळलेच नाही!" दिवाळीनंतर कॉलेज उघडले की व्हरांड्यात पहिले वाक्य हेच. यंदा ते बोलताना मी अडखळलो.

वसुबारस ते भाऊबीज. फराळ, पंचगंगेच्या घाटावर गप्पा, पलीकडे नरसोबाच्या वाडीला एक फेरी; दिवस उरणार कसे? पण २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आम्ही सारे असेच नातलगांच्या एका खोलीत एकत्र होतो. तेव्हा एकेक दिवस सरता सरत नव्हता. म्हणजे माणसे जमली की वेळ उडतो, हे खरे नव्हे. उडतो तो निर्धास्त माणसाचा वेळ.

आत्या पाडवा सासरी करून भाऊबीजेला एस.टी.ने येते, दुसऱ्या दिवशी दुपारी परत जाते. तिची दिवाळी तेवढीच. आणि आईची? नणंद यायची म्हणून तिला घर सोडता येत नाही. मग गडहिंग्लजहून मामाच येतो, ओवाळून घेतो, चहा पिऊन शेवटची गाडी गाठतो. (याला आमच्या घरी 'सोय' म्हणतात!) मुलीला माहेर मिळावे म्हणून सुनेचे माहेर बुडते, आणि आम्ही मुलगे मात्र सुट्टी लहान म्हणून कुरकुरतो. हे मला पटत नाही.

"पुढच्या भाऊबीजेला तू गडहिंग्लजला जा, आत्याचे मी बघतो," असे आईला म्हटले.

"भात तरी लावता येतो का?" तिने विचारले.

त्या दिवसापासून रोज रात्रीचा भात मी लावतो आहे. पहिले दोन दिवस करपला.