किती येतीन?



परवा भाचा आला होता. मी नाण्यांचा डबा काढून बसलो होतो. त्याने एकच प्रश्न विचारला, "मामाजी, हे सगळं विकलं तं किती येतीन?"

राग नाही आला, पण वाईट वाटलं. हल्ली जो येतो तो हेच विचारतो. मोबाईलवर कुणीतरी सांगतं, वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील. ते २०१२ सालचं नाणं मला भाजीवाल्या बाईने सुट्ट्या पैशांत दिलं आहे. लाखाचं असतं तर त्या माऊलीने दिलं असतं का? आमच्या नावाने जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क आणि कमिशन मागणाऱ्यांना फसू नका, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं. तरी लोक फसतात, आणि शिकलेले फसतात!

दुसरं खूळ टांकसाळीच्या संचांचं. दर्शनी किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजून पेट्या घ्यायच्या आणि "नातवाच्या लग्नाला कामी येतील" म्हणून कपाटात कोंबायच्या. २०२३ मध्ये नव्या संसद भवनानिमित्त ७५ रुपयांचं नाणं निघालं. ते देऊन कुणी दूध आणलं का? ती सुंदर आठवणवस्तू आहे, हौस म्हणून जरूर घ्या. पण हौसेला गुंतवणूक म्हणू नका.

"मग गुरुजी, तुमच्याकडे संच कसा?" असं तुम्ही विचाराल. आहे, आणि जपून ठेवला आहे. कारण तो नमुना आहे. ठशाखालून निघालेलं नाणं कसं दिसतं, सिंहाच्या आयाळीची रेघ किती स्पष्ट असते, हे त्यावरून कळतं. त्याच्या शेजारी तीस वर्षं बाजारात फिरून गुळगुळीत झालेलं नाणं ठेवा. दोन्ही मिळून धडा पूर्ण होतो.

वर्गात मी हेच करायचो. १९५७ चा नवा पैसा कांस्याचा, १९६५ पासूनचा पैसा ॲल्युमिनियमचा. रुपया आधी निकेलचा, १९९२ पासून स्टेनलेस स्टीलचा. "सर, नाणं हलकं का झालं?" असं पोरं विचारायची. धातू महागला आणि पैशाची किंमत घटली, हे सांगायला मग फळ्यावर आकडे मांडावे लागत नसत. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आजच्या पोरांना चाराणे दाखवायचे तर कुणीतरी ते जपलेले हवेत ना?

आणि आमच्या राजुऱ्याचं तर विचारूच नका. १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात. मग नांदेड, आणि १९५९ पासून चांदा. घरात हाली आणि कलदार असे दोन रुपये बोलले जायचे. सात हालीचे सहा कलदार. आईच्या बटव्यात चारमिनारचा एक हाली रुपया होता. शाळकरी वयात मी तो रांगोळीने घासून लख्ख केला. चारमिनारवर ओरखडे पडले ते आजही दिसतात. आई काहीच बोलली नाही, म्हणून जास्त लागलं.

म्हणून कळकळीने सांगतो, नाणी घासू नका. संचाचं मूळ पाकीट फोडू नका. नाणं धरायचंच तर कडेने धरा. मऊ पीव्हीसी पिशव्या टाळा. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यातल्या नाण्यांवर हिरवट चिकट थर चढतो. माझी दोन नाणी अशीच गेली. आणि प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी ठेवा : कधी, कुठे, कुणाकडून मिळालं.

भाच्याला मी तो ओरखड्यांचा रुपया हातात दिला. शेजारी हल्लीचं एक नाणं ठेवलं आणि सालाखालचा तारा दाखवला. "हा तारा म्हणजे हैदराबादची टांकसाळ. आपण तिथून निघालो, पण तिथलं नाणं अजून खिशात येतं."

त्याने बराच वेळ दोन्ही पाहिली. मग म्हणाला, "मामाजी, हा आजीचा रुपया विकू नका."

असो. किती येतीन, ते त्याने पुन्हा विचारलं नाही.